गाईला कॅल्शियमची बाटली, आणि घरच्या गर्भारशीला?



संकरित गाय व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी गोठ्यात बसली, मान पोटाकडे वळवून पडून राहिली, कान गार पडले, शेपूट पिरगाळली तरी उठेना, म्हणजे काय झाले हे आज दूधधंद्याच्या गावात शाळकरी पोरसुद्धा सांगते. कोणी त्याला दुग्धज्वर म्हणतो, कोणी मिल्क फिव्हर. नावात ज्वर आहे, पण अंग तापत नाही, उलट गार पडते. घरधनी रात्री बारा वाजता मोटारसायकल काढून गुरांच्या डॉक्टरांना घेऊन येतो. डॉक्टर शिरेतून कॅल्शियमची बाटली हळूहळू सोडतात आणि बहुतेक वेळा तास-दोन तासांत गाय उठून वैरणीला तोंड लावते.

असे का होते तेही आता पुष्कळांना ठाऊक आहे. गाईच्या रक्तात एका वेळी अवघे तीन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम फिरत असते. दहा लिटर चिकातून तेवीस ग्रॅम बाहेर पडते. आटवलेल्या काळात तिची हाडांतून कॅल्शियम काढण्याची सवय मंदावलेली असते, ती एका रात्रीत जागी होत नाही. म्हणून गाय बसते.

आता मी जे विचारणार आहे त्याचा वहिनींनी राग मानू नये. बाईची जनावराशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. पण गेली तीस वर्षे गोठे आणि शेते पाहत हिंडतो आहे, आणि गोठ्याच्या भिंतीवर क्षारमिश्रणाची पिशवी टांगलेली जितक्या घरांत पाहिली, तितक्या घरांत गर्भार सुनेच्या कॅल्शियमच्या गोळ्या वेळच्या वेळी संपताना पाहिल्या नाहीत. गाईला रोज पन्नास ग्रॅम क्षारमिश्रण मोजून. सुनेच्या गोळ्या मात्र फडताळात, पाकीट न फोडता.

याचे कारण माया कमी आहे असे नाही. कारण असे की गाय एका रात्रीत पडते, ते दिसते. बाईचे तसे नाही. बाईच्या अंगावरचे दूध दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास, त्यातून जाणारे कॅल्शियम दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम. ती गाईसारखी पडत नाही. तिचे हाड झिजत राहते, आणि कमरेचे दुखणे, उठबस करताना मांड्या भरून येणे, जिना चढताना धाप लागणे हे सगळे 'गर्भारपणात असायचेच' या खात्यावर जमा होते. यातले पुष्कळ असते हे खरे. पण सगळेच असायलाच हवे असे नाही.

पेव आणि पाटकरी

पोटातले बाळ नऊ महिन्यांत साधारण तीस ग्रॅम कॅल्शियम आपल्या हाडांत साठवते. त्यातला मोठा भाग शेवटच्या तीन महिन्यांत, दिवसाला तीनशे मिलिग्रॅमच्या घरात. हे आईकडूनच येते. निसर्गाने सोय अशी केली आहे की गर्भारपणात आईचे आतडे अन्नातले कॅल्शियम जवळजवळ दुपटीने शोषून घेते. पण ताटातच नसेल तर आतडे शोषणार काय? मग पेव उपसावे लागते. बाईची हाडे हेच ते पेव. अंगावर पाजण्याच्या काळात तर प्रत्येकच बाईच्या हाडातून थोडे कॅल्शियम निघते आणि बाळ सुटल्यावर पुन्हा भरून येते, बशर्ते मधल्या काळात खाणे नीट असेल आणि दोन बाळंतपणांत अंतर असेल. पेव भरायच्या आत पुन्हा उपसले तर काय होते ते शेतकऱ्याला सांगायला नको.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. 'एक मूल, एक दात' असे आपल्याकडे जुनी माणसे म्हणतात. बाळासाठी कॅल्शियम दातांतून जात नाही, हाडांतून जाते. गर्भारपणात हिरड्या सुजतात, रक्त येते, त्यातून दात हलतात. म्हणून दात घासणे सोडू नये, आणि मिश्री तर या काळात हाताला लावूच नये.

आता ड जीवनसत्त्व. कॅल्शियम हे पाटाचे पाणी समजा. पाट दुथडी भरून वाहतो आहे, पण पाटकऱ्याने बारे फोडले नाही तर वाफ्यात थेंब जात नाही. ड जीवनसत्त्व हा तो पाटकरी. ते पुरेसे असेल तर अन्नातल्या कॅल्शियमपैकी तीस-चाळीस टक्के अंगी लागते, नसेल तर दहा-पंधरा टक्के. म्हणजे दूध प्यायले, गोळी खाल्ली, आणि बरेचसे तसेच निघून गेले.

हे जीवनसत्त्व खाण्यातून थोडेच मिळते. अंड्याचा बलक, बांगडा, तारली असे तेलकट मासे यांतून काही मिळते. घरच्या म्हशीच्या दुधात कॅल्शियम भरपूर, पण ड जीवनसत्त्व नावापुरते. ते मुख्यतः उन्हाने आपल्या कातडीत तयार होते.

उन्हातल्या देशात उन्हाची तूट

डॉ. कॅथलीन व्हॉन या इंग्रज डॉक्टरीण श्रीनगरच्या जनाना इस्पितळात काम करीत. त्यांनी १९२८ साली पडदा पद्धत आणि मातृत्व या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांना काय दिसले? बंद घरात, पडद्यात वाढलेल्या मुलींची हाडे मऊ पडत, कमरेचा पिंजरा वेडावाकडा होऊन बाळाची वाट अडे, आणि बाळंतपणात आई किंवा मूल, कधी दोघेही जात. त्याच खोऱ्यातल्या नावांवर राहणाऱ्या हांजी बायका आणि शेतात राबणाऱ्या बायका मात्र सहज बाळंत होत. जात, गाव, हवा तीच. फरक उन्हाचा.

इतकी वाकलेली हाडे आज क्वचितच दिसतात. पण तूट गेलेली नाही. लखनौच्या डॉक्टरांनी शहरातल्या आणि खेड्यातल्या दोनशेवर गर्भवतींचे रक्त तपासून २००५ साली निष्कर्ष छापला. शंभरातल्या चौऱ्याऐंशी जणींत ड जीवनसत्त्व कमी निघाले. त्यात खेड्यातल्या बायाही होत्या.

तुम्ही म्हणाल, आमच्या बाया दिवसभर रानात असतात, त्यांना कसली उन्हाची तूट? जरा नजर टाका. खुरपायला निघालेली बाई लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते, डोक्याला आणि तोंडाला फडके गुंडाळते, हातात मोजे घालते. उसाच्या पाचटाने अंग कापते, औषध फवारलेले असते, ऊन भाजते, तिचे चुकत नाही. पण मग ऊन लागते कुठे? दिवस राहिल्यावर तर तिला घरातच ठेवतात. शिवाय आमच्या सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागते. आणि जेवणात कॅल्शियम कमी असले की शरीर आहे ते ड जीवनसत्त्वही लवकर खर्चून टाकते. दोन्ही तुटी एकमेकींना वाढवतात.

सकाळचे कोवळे ऊन चांगले, असे सर्रास सांगितले जाते. अंगाला बरे वाटते हे खरे, पण ज्या किरणांनी ड जीवनसत्त्व होते ते किरण कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतात. ओळखायची खूण सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली की ऊन कामाचे. आपल्याकडे हे साधारण सकाळी दहाच्या पुढे ते तीनपर्यंत, थंडीत त्याहून कमी वेळ. हात कोपरापर्यंत, पाय पोटऱ्यांपर्यंत, तोंड, मान उघडी ठेवून वीस-तीस मिनिटे अंगणात धान्य निवडत बसावे. काचेच्या खिडकीआड बसून उपयोग नाही. चैत्र-वैशाखात मात्र दहाच्या सुमारासच उरकावे. गर्भारशीला चक्कर येईपर्यंत उन्हात बसवा असे मी म्हणत नाही.

किटली भरते, पेला रिकामा

आता ताटाचा हिशेब. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या मापाने गर्भवतीला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, अंगावर पाजणारीला १२००. आपल्या घाटावरच्या घरात बाई काय खाते? ज्वारीच्या किंवा बाजरीच्या चार भाकरी, तुरीचे वरण किंवा आमटी, वांगे-बटाट्याची भाजी, मूठभर भात, दोन वेळचा चहा. पोट भरते, ताकदही येते, पण ज्वारी-बाजरीत कॅल्शियम फार थोडे आणि तांदळात तर नसल्यातच जमा. सगळे मिळून अडीचशे-तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे गरजेचा चौथा हिस्सा.

घोड नदीकाठच्या एका गावात गोबरगॅसच्या कामाने एका घरी गेलो होतो. गोठ्यात चार संकरित गाई, सकाळ-संध्याकाळ दोन किटल्या दूध डेअरीला. सून सातव्या महिन्यात. चहा आला तो बिनदुधाचा, कारण नुकतीच किटली गेली होती. गोळ्यांची विचारपूस केली तर सासूबाई म्हणाल्या, "आम्ही काय गोळ्या खाऊन पोरं काढली का साहेब? त्यानं पोर पोटात मोठं होतं न् मग अडतं." सून हळूच म्हणाली, "खाल्ल्या की पोट जड होतं, गॅस धरतो."

सासूबाईंशी मी वाद घातला नाही. त्याच मग आपणहून बोलल्या. त्यांचे पहिले मूल आठव्या दिवशी झटके येऊन गेले होते. लोक म्हणाले, बाहेरचे झाले. त्या काळी धनुर्वाताने अशी पुष्कळ मुले जात, तेव्हा ते नेमके कशाने गेले ते आज कोणी सांगू शकणार नाही. पण मी त्यांना एवढे सांगितले की आईच्या अंगात ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर जन्मलेल्या बाळाच्या रक्तातले कॅल्शियम खाली जाऊन त्यालाही झटके येऊ शकतात, आणि हे टाळता येते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सुनेला म्हणाल्या, "कुठं ठेवल्यात गं गोळ्या?"

सासरेबुवांशी हिशेबाचे बोललो. दिवसाला अर्धा लिटर गाईचे दूध घरात ठेवले तर सुनेला सहाशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. चौथ्या महिन्यापासून बाळंतपणापर्यंत सहा महिने धरले तर नव्वद लिटर झाले. दिवसाला दहा लिटर देणाऱ्या एका गाईचे नऊ दिवसांचे दूध. गाय तीनशे दिवस दूध देते, त्यातले नऊ दिवस. ते हसले आणि म्हणाले, "एवढं तर मांजर पितं."

दूध आवडत नसेल तर दही चालते, तेवढेच कॅल्शियम असते. ताकात पाणी जितके, तितके कमी. तुपात मात्र कॅल्शियम नसते, तेव्हा गर्भारशीच्या पानात तूप वाढले म्हणजे दुधाचे काम झाले असे समजू नये.

दुधाखालोखाल आपली नाचणी, नाशिककडे तिला नागली म्हणतात. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, ज्वारीच्या दसपटीहून जास्त. २०२३ साल आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे झाले, भाषणे पुष्कळ झाली, पण घाटावरच्या जात्यात नाचणी अजून फारशी आलेली नाही. रोज एक भाकरी नाचणीची केली तरी दोनशे मिलिग्रॅमची भर पडते. तिला मोड आणून, वाळवून दळली तर कॅल्शियम अडवून धरणारी द्रव्ये कमी होतात आणि अंगी जास्त लागते. बिनसडी तिळाची चटणी मोठा चमचाभर, सव्वाशेच्या आसपास. शेवग्याचा पाला तर बांधावर फुकट मिळतो, मूठभर भाजीत दीडशे तरी मिळतात. कोकणात सुकट आणि काट्यासकट खाल्ले जाणारे बारीक मासे आहेतच. पालकात कॅल्शियम दिसते भरपूर, पण ते ऑक्झलेटने बांधलेले असते, अंगी लागत नाही. पालक दुसऱ्या गुणांसाठी खावा.

हल्ली मोबाइलवर 'गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून घ्या' असा निरोप फिरतो. चुन्यात कॅल्शियम आहे, नाही असे नाही. पण गव्हाचा दाणा कोणाचा केवढा, आणि भट्टीचा चुना किती शुद्ध, याचे माप नाही. मोजून केलेली गोळी फुकट मिळत असताना हा उद्योग कशाला?

हे सारे पुण्याच्या भूमीवरच तपासून झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ नंतरच्या काळात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या शेतकरी घरांतल्या जवळजवळ आठशे गर्भवतींचे खाणेपिणे, काम आणि वजने नोंदवली. ज्या बाया पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खात, त्यांची बाळे जन्मतः भरलेली निघाली. पुढे ती मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांची हाडे यंत्राने मोजली. गर्भारपणात दूध, दही, डाळी, पालेभाज्या असे कॅल्शियमचे पदार्थ अधिक वेळा खाणाऱ्या आयांच्या मुलांची हाडे अधिक दाट होती. हा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. आईच्या त्या नऊ महिन्यांतल्या ताटाचा माग सहा वर्षांनी पोराच्या हाडात दिसला.

गोळी कशी घ्यावी

सरकारने २०१४ साली ठरवून दिले आहे की गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून, म्हणजे चौदा आठवडे झाल्यावर, रोज दोन गोळ्या द्याव्या. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड जीवनसत्त्व असते. बाळंत झाल्यावरही सहा महिने चालू ठेवायच्या. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात.

एक सकाळच्या जेवणाबरोबर, एक रात्रीच्या. उपाशीपोटी नको. दोन्ही एकदम तर नकोच, शरीराला एका वेळी जास्त घेता येत नाही. आणि लाल लोहाची गोळी कधीही हिच्याबरोबर घेऊ नये. कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर ठेवा आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. पोट जड होत असेल तर पाणी वाढवा, जेवणातच गोळी घ्या, भाजी-फळ खा. तरी त्रास होत असेल तर ताईंना सांगा, पण गुपचूप बंद करू नका. मुतखडा होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगितले पाहिजे.

गोळीने बाळ मोठे होऊन अडते, बाळाच्या अंगावरचा पांढरा थर गोळीचा किंवा दह्याचा असतो, या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. तो थर प्रत्येक बाळाच्या कातडीवर निसर्गच देतो.

या गोळीचे आणखी एक मोठे काम आहे. जिथे बायांच्या आहारात कॅल्शियम कमी असते, तिथे ते दिल्याने गर्भारपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका कमी होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली अशा देशांना गोळ्यांची शिफारस केली. बंगळूर आणि टांझानिया इथे प्रत्येकी अकरा हजार पहिलटकरणींवर मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०२४ साली आला. रोज ५०० मिलिग्रॅम घेणाऱ्या आणि १५०० घेणाऱ्या बायांत या आजाराचे प्रमाण जवळपास सारखे होते. तेव्हा जास्त खाल्ले म्हणजे जास्त गुण असे नाही. आपल्याकडे सांगितले आहे तेवढे नेमाने घ्यावे. आणि गोळी घेते म्हणून रक्तदाब तपासायचे थांबवू नये. तोंड-हात सुजले, डोके फार दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या पुड्या आणि सहा लाख युनिटची इंजेक्शने दुकानात मिळतात. गर्भारशीने ती शेजारणीच्या किंवा दुकानदाराच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. हे जीवनसत्त्व अंगात साठून राहते, जास्त झाले तर घात करते. गाईच्या बाबतीतही तसेच आहे. व्यायच्या आधी भाकड काळात कॅल्शियमचा मारा केला तर दुग्धज्वर टळत नाही, उलट वाढतो. अर्थात तो नियम गाईचा. तो ऐकून कोणी सुनेच्या गोळ्या बंद करू नका. बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा गोळी हवी.

बाळाबद्दल दोन शब्द. आईच्या दुधासारखे दुसरे अन्न नाही, पण त्यात ड जीवनसत्त्व फार थोडे असते. त्यात सव्वा महिना बाळ-बाळंतीण अंधाऱ्या खोलीत. म्हणून बालरोगतज्ज्ञ बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगतात. थेंबांच्या बाटल्यांत ताकद वेगवेगळी असते, तेव्हा किती थेंब ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट मी वारंवार पाहतो. पहिले बाळंतपण माहेरी. ओटीभरण होऊन मुलगी माहेरी जाते, आणि गोळ्या सासरच्या फडताळात राहतात. माहेरच्या आशाताईंच्या यादीत तिचे नाव नसते, सासरच्या यादीत असते पण बाई गावात नसते. ज्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ सर्वांत जास्त कॅल्शियम ओढते, नेमके तेच महिने आणि पाजण्याचे पहिले दोन-तीन महिने कोरडे जातात. तेव्हा लुगडे-चोळीबरोबर माता-बाल संरक्षण कार्ड आणि उरलेल्या गोळ्या पिशवीत घाला. माहेरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात वडिलांनी किंवा भावाने उपकेंद्रात जाऊन कार्ड दाखवून नाव नोंदवावे आणि पुढच्या गोळ्या घेऊन याव्यात.